साडेतीनशे मिलिमीटर

मिस्त्रींनी कागद पाटावर पसरला. एका कोपऱ्यावर रंधा ठेवला, दुसऱ्यावर पटाशी, तिसऱ्यावर खिळ्यांचा डबा, चौथ्यावर माझा चहाचा कप. मग खिशातली स्टीलची पट्टी काढून मापलं आणि पट्टी तशीच कागदावर राहू दिली.

“सर, कागदावर लिवलंय साडेतीनशे. पट्टी म्हणती तीनशे बेचाळीस. मी कुणाचं ऐकू?”

केज तालुक्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मला उत्तर सुचेना. आराखडा मेंडोलिनचा होता. ‘पूर्ण मापाचा’ असं त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. अंबाजोगाईच्या एका दुकानात मी तो छापून घेतला, तेव्हा यंत्रानं तो पानात बसवायचा म्हणून सव्वादोन टक्क्यांनी आखडून टाकला होता. तीस वर्षं शाळेत गुणोत्तर आणि प्रमाण शिकवलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नाही. सुताराच्या आलं.

आमच्या घरी एक मेंडोलिन होतं, धाकट्या काकांचं. ऐंशीच्या दशकात ते एका गायन पार्टीत वाजवायचे. जयंती, उरूस, हळदीची रात्र, सुपारी मिळेल तिथं. पेटी, ढोलकी आणि दोन ओळींच्या मध्ये चिवचिवणारं मेंडोलिन. काका गेले आणि वाद्य माळ्यावर गेलं. वर पत्रा, त्यात आमच्याकडचा मे महिना. कैक वर्षांनी उतरवलं तेव्हा पाठ उकललेली होती आणि दांडीला धनुष्यासारखा बाक आला होता. एका दुकानदारानं सांगितलं, याच्या दुरुस्तीच्या पैशांत तयार नवं घेऊन जा. ते वाजवून पाहिलं. मोकळी तार आणि बारावा पडदा यांचा षड्ज जुळेचना. तिथंच डोक्यात आलं की आपणच करून घ्यावं. वाटलं, अडचण येईल ती लाकडाची. आली ती कागदाची.

मेंडोलिन आपल्या कानाला परकं नाही. लक्ष्मीकांत कुडाळकर १९३७ सालच्या लक्ष्मीपूजनाला जन्मले म्हणून लक्ष्मीकांत. प्यारेलालांबरोबर जोडी जमण्याआधी त्यांची ओळख मेंडोलिन वाजवणारा पोरगा अशीच होती. ‘संगदिल’ आणि ‘रुस्तम सोहराब’चे संगीतकार सज्जाद हुसेन यांनी तर या टुणटुणणाऱ्या वाद्यावर रागदारी वाजवून भल्याभल्यांना गप्प केलं. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी भरीव लाकडाचं, विजेवरचं मेंडोलिन घेतलं, तारांच्या जोड्या काढून पाच एकेरी तारा ठेवल्या आणि कर्नाटक संगीताच्या मैफलीत त्याला मानाची जागा मिळवून दिली. २०१४ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. वाजवणाऱ्यांची नावं आपल्याला अशी तोंडपाठ असतात. वाद्य मात्र दुकानातून येतं, एवढ्यावर आपलं कुतूहल संपतं.

आराखडे शोधायला लागलो तर ते पैशाला पासरी मिळाले. भानगड पुढे होती. बहुतेक आराखडे हे आराखड्यांवरून काढलेले आराखडे असतात. एकानं फोटोवरून गिरवला, दुसऱ्यानं तो सफाईनं पुन्हा काढला, तिसऱ्यानं इंचांचे मिलिमीटर करताना अपूर्णांकांना कात्री लावली. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या मेंडोलिनमध्ये मेरूपासून घोडीपर्यंत वाजणारी तार १३ पूर्णांक ७ अष्टमांश इंच असते, म्हणजे ३५२.४ मिलिमीटर. तिचे कुणी ३५० करतो, कुणी ३५५. करायला हरकत काहीच नाही. पण मग सगळे पडदे नव्यानं काढायला हवेत. माझ्या हाती आलेल्या एका आराखड्यात तार ३५०ची होती आणि पडद्यांचं कोष्टक ३५२.४चं. अशा कागदावर वाद्य बेतलं तर ते दिसायला फर्मास होईल आणि जन्मभर बेसूर राहील.

घराणीही दोन, आणि ती ओळखल्याशिवाय कागदाला हात लावू नये. पहिलं इटलीतल्या नेपल्सचं. अठराव्या शतकात तिथल्या विनाच्चिया कुटुंबानं घडवलेलं, पाठीला गोल पोट असलेलं. हे पोट लाकडाच्या पातळ फाका वाकवून, कडेला कड चिकटवून करतात. कलिंगडाच्या फोडी पुन्हा जोडून कलिंगड करावं तसं. तार आखूड, ३३० मिलिमीटरच्या आसपास. दुसरं घराणं मिशिगनमधल्या कॅलमाझूचं. ऑर्व्हिल गिब्सन या कारागिरानं १८९८ साली पेटंट घेतलं आणि व्हायोलिनसारखी कोरलेली तबली, म्हणजे तारांखालची फळी, मेंडोलिनला आणली. कंपनी १९०२ची. पुढे १९२२ ते १९२४ या काळात लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली एफ-५ नावाचा नमुना निघाला. आतल्या चिठ्ठीवर लोअर यांची सही आणि तारीख. तिकडच्या हौशी कारागिरांची निम्मी हयात त्याच नमुन्याच्या मागे जाते. १९७३ साली रॉजर सिमिनॉफ यांनी तो घरी कसा करावा यावर पुस्तक लिहिलं, आणि गिल्ड ऑफ अमेरिकन लुथिअर्स ही १९७२ साली सुरू झालेली कारागिरांची संघटना मापून काढलेले पूर्ण मापाचे आराखडे विकते.

सिमिनॉफ आणि गिल्ड यांचे कागद बाकीच्यांहून वेगळे का, हे लक्षात आल्यावर माझी कसोटी ठरून गेली. हा आराखडा कोणत्या वाद्यावरून मापला, ते त्यावर लिहिलेलं आहे का? नसेल तर तो सुंदर चित्र म्हणून भिंतीला लावावा. लिहिलेलं असेल तर पुढचे प्रश्न. कोपऱ्यात शंभर मिलिमीटरची एक रेघ आहे का, म्हणजे छापल्यावर पट्टी लावून पाहता येईल? आणि आडवं दृश्य काढलंय का? समोरून मेंडोलिन काढणं सोपं, पाणीपुरीवाल्याच्या गाडीवरही ते छान काढतात. पण दांडी पोटाला किती अंशांत कलली आहे, घोडी तबलीपासून किती उंच आहे, हे बाजूनं पाहिल्याशिवाय कळत नाही. दांडी जिथं पोटाला मिळते तिथून घोडी साधारण दोनशे मिलिमीटरवर धरली, तर कलात एक अंशाची चूक म्हणजे घोडीपाशी साडेतीन मिलिमीटर. तेवढ्यात तारा एक तर पडद्यांवर लोळतात, नाहीतर इतक्या वर जातात की बोटं सोलून निघावीत.

पूर्ण मापाचं चित्र साध्या कागदावर छापायचं तर तुकडे करून चिकटवावं लागतं, आणि चिकटवताना सांध्यासांध्याला केसाकेसानं फरक पडतो. आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांना ही अडचण चारशे वर्षांपूर्वी आली असावी. पंचीकरणाचा पसारा कागदात मावेना, तेव्हा त्यांनी तो सुमारे चाळीस फूट लांब कापडावर आकृत्यांसकट लिहून काढला. ती पासोडी आजही गावात आहे. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले, “कापड तर आणखी ताणतं की, सर.”

माहीतगार भेटला तर बरं, म्हणून मी मिरजेला गेलो. आमच्या भागातून मिरजेला जाणं जुनं आहे. बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ साली लातूरला आली आणि १९२७ साली पंढरपूरहून पुढे मिरजेला भिडली. कुणी त्या गाडीनं मिशनच्या दवाखान्यात जायचं, कुणी मीरासाहेबांच्या दर्ग्याला. मी एसटीनं गेलो, सतारमेकर गल्लीत.

तिथं काय आहे हे सगळ्या महाराष्ट्राला ऐकून माहीत असतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या हाताला काम उरलं नाही, तेव्हा पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाला येणाऱ्या गवयांचे तंबोरे दुरुस्त करता करता ते वाद्यं घडवायला लागले. फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून येतो, लाकूड तुनाचं. नेपल्सवाले जे पोट फाका वाकवून महिनाभर खपून करतात, ते इथं वेलीला लागतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. (आमच्या बीडच्या सीताफळाला ते २०१६ सालीच मिळालंय, हे मी तिथं दोघांना सांगून घेतलं.)

मी आराखडा एका वयस्क कारागिरांपुढे ठेवला. त्यांच्या दुकानात कागद नव्हता. भिंतीवर फर्मे लटकत होते, प्लायवूडचे, पत्र्याचे, एक तर जुन्या पुठ्ठ्याचा, हात लागून लागून तुकतुकीत झालेला. त्यांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. पडद्यांवर बोट ठेवून म्हणाले, “हे कापून बसवायचे? मग चुकलं तर?”

मिरजेच्या त्या एका प्रश्नानं मला माझा लेख आणि माझी अडचण दोन्ही दिली.

सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात. कारागीर ते अंदाजानं बांधून देतो; राग बदलला, कान बदलला, हवा बदलली की वाजवणारा स्वतः सरकवतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की जवारी खुलते. आमच्या बीड जिल्ह्यातलंच घ्या. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर, पद्मश्री मिळालेले पखवाजवादक. पखवाजाच्या एका तोंडाला दर बैठकीआधी कणकेचा गोळा लावतात, कमी-जास्त करून स्वर उतरवतात आणि वाजवून झाल्यावर खरवडून काढतात. लाख रुपयांचं वाद्य असो, शेवटचा निकाल ओल्या कणकेवर. आपल्या वाद्यांत दुरुस्ती अशी वाजवणाऱ्याच्या हाती राखून ठेवलेली असते. त्यामुळे कारागिराला कागदाची गरज पडली नाही, आणि त्यात त्याचं अज्ञान शोधणाऱ्यांची मला कीव येते. मेंडोलिन मात्र करवतीच्या एका खाचेत कायमचं ठरतं. तिथं कणीक चालत नाही.

त्या कारागिरांनी मग एक सुतळीचा तुकडा घेतला. साडेतीनशेवर कापला. दुमडून अर्धा केला: “हा वरचा सा.” तीन घड्या केल्या: “मेरूपासून एक घडी, हा प.” चार घड्या: “हा म.” पाच घड्या करायला जरा वेळ लागला: “हा ग. झालं की.”

मी पाठीमागच्या बाकावर बसून वहीत आकडे मांडले. सुतळीनं पंचम आला ११६.७ मिलिमीटरवर, मेंडोलिनच्या गणितानं सातवा पडदा येतो ११६.४वर. मध्यम ८७.५ आणि ८७.८. फरक नखाएवढाही नाही. पण गंधार? सुतळी म्हणते ७०, गणित म्हणतं ७२.२. दोन मिलिमीटरहून जास्त. हा फरक माझ्यासारख्या अर्धवट कानालाही ऐकू येतो.

यात चूक कुणाचीच नाही. सुतळीचा गंधार शुद्ध, तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा. मेंडोलिनचा पडदा चारही जोड्यांखालून आडवा जातो, त्याच पडद्यावर प्रत्येक तारेचा वेगळा स्वर, आणि सा कुठूनही धरायची मुभा. सगळ्यांचं समाधान करायचं तर मधला भाव काढावा लागतो: सप्तकाचे बारा सारखे तुकडे. पंचम-मध्यमाला त्याची झळ लागत नाही, गंधाराला लागते, तो चढा होतो. तार ओढून स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून रागदारी वाजवणारा अलीकडच्या पडद्यावरून तार ओढून गंधारापर्यंत जातो. सज्जादांच्या मींडेत नुसतं लालित्य नव्हतं, आराखड्याची दुरुस्तीही होती, हे मला त्या दुकानात उमजलं.

मिरजेशेजारी सांगलीत याच खटाटोपात एक माणूस गुंतला होता. कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याला कसोटी मानून त्यांनी बावीस श्रुतींची मापं काढली आणि १९१० साली पुस्तक छापलं. श्रुती खरोखर बावीसच का, यावर भांडणारे आजही भांडतात. मला त्या वादात पडायचं नाही. पण महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसानं निवृत्तीनंतर तारेची मोजणी करावी, सातबारा सोडून सा-रे-ग-मचा उतारा काढावा, हे मला फार आवडतं.

परत आल्यावर मिस्त्रींना म्हणालो, कागद बाजूला ठेवा. पडदे आपण काढू.

रीत एवढीच: उरलेल्या लांबीला १७.८१७ नं भागायचं. ३५०ला भागलं की पहिला पडदा १९.६४ मिलिमीटरवर. उरले ३३०.३६, त्यांना पुन्हा भागायचं, १८.५४. असं बारा वेळा केलं की बरोबर १७५ उरतात, अर्धी तार. बाराव्याला अर्धं आलं नाही तर मध्ये कुठंतरी चुकलंय, पुन्हा मांडा. पूर्वी लोक १७.८१७च्या ऐवजी सरळ १८नं भागत. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूट वाजवायचे. १५८१ सालच्या ग्रंथात त्यांनी ही रीत दिली आहे. साडेतीनशेच्या तारेवर ती वापरली तर बाराव्या पडद्याला १७५ऐवजी १७६.३ उरतात. सव्वा मिलिमीटर. मिस्त्रींना मी दोन्ही रीती समजावल्या. “म्हणजे बापाचं चुकलं,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “पर बोटानं दाबल्यावर तार ताणती. अठराचा सूर थोडा खाली राहत असंल, तर दाबल्यावर येत असंल की जाग्यावर.” त्या जुन्या रीतीची जाणकारांनी अशीच पाठराखण केली आहे. मिस्त्री शाळेत सातवीपर्यंत होते.

प्रत्येक माप मागच्या पडद्यापासून न घेता मेरूपासूनच घ्यायचं, हेही ठरलं. नाहीतर प्रत्येक खाचेची चूक पुढच्या खाचेच्या डोक्यावर बसते. आणि पहिल्या कागदाचं काय झालं असतं, तेही तेव्हा उलगडलं. सगळं चित्र सारखंच आखडलेलं असेल तर पडद्यांचं प्रमाण बिघडत नाही. ३४२चं थोडं आखूड मेंडोलिन झालं असतं, वाजलंही असतं. घात झाला असता तो भेसळीनं. पोट आखडलेल्या कागदावरून आणि पडदे माझ्या वहीवरून घेतले असते, तर घोडी आठ मिलिमीटर मागे गेली असती. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानं नुसती बसलेली असते. वीतभर वाद्यात तीच एक जागा सरकवण्याजोगी. पण तिच्याखाली तबलीला आतून आडवी पट्टी असते. तिथून घोडी हलली की तबली हळूहळू खचते. आठ तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलो. मी मिस्त्रींना ‘पाऊण क्विंटल’ म्हणून सांगितलं. त्यांनी हातातली अडीच मिलिमीटर जाडीची फळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

आमचं मेंडोलिन ना नेपल्सचं ना एफ-५. पहिल्याच फेरीत कोरीव तबलीला हात घालणं म्हणजे पोहायला शिकायला माजलगावच्या धरणात उडी टाकणं. गिब्सननं पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला सैनिकांसाठी सपाट तबली-पाठीचं स्वस्त मेंडोलिन काढलं होतं, आर्मी-नेव्ही नावाचं. त्याच धर्तीचं घेतलं. दांडीला जुन्या चौकटीचं सागवान, तीस-चाळीस वर्षं वाळलेलं. पडद्यांच्या पट्टीला शिसम. तबलीला स्प्रूस हवं. मिस्त्रींनी यंत्राच्या खोक्यातून आलेल्या पाईनच्या फळ्यांचा ढीग उपसून सरळ उभ्या रेषांची एक फळी काढली, नखानं टकटक केली आणि कानाला लावली. ते असं का करतात हे मी विचारलं नाही. कडेच्या पट्ट्या दोन मिलिमीटरपर्यंत रंधून, भिजवून, तापलेल्या लोखंडी नळीवर वाकवायच्या होत्या. पहिल्या दोन मोडल्या. तिसरी वळली.

खाचा कशानं पाडायच्या हा प्रश्न मात्र गमतीचा निघाला. पडद्याच्या तारेचा पाय अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड. सुताराची करवत त्याच्या दुप्पट खाच पाडते. मिस्त्रींनी हॅक्सॉचं पातं घेतलं (त्याला इकडे सगळे एक्सो ब्लेडच म्हणतात), दातांचा फाकवा दोन्ही बाजूंनी सहाणेवर घासून काढला. खाच हवी तेवढी बारीक पडली. तिकडचे कारागीर यासाठी वेगळी करवत विकत घेतात.

गोंदावर आमचं वाजलं. मिस्त्रींचा विश्वास पांढऱ्या गोंदावर. दारं-खिडक्यांना तो उत्तम. पण सतत ताण असलेल्या सांध्यात तो वर्षानुवर्षं कणाकणानं सरकतो, आणि बेचाळीस अंशांच्या उन्हात जरा जास्तच. जुने लोक सरस वापरायचे, जनावराच्या कातड्या-हाडांचा, गरम करून लावायचा. तोही उन्हात बंद गाडीत ठेवला तर सुटतो, पण ताणाखाली सरकत नाही आणि पुढे कधी वाद्य उघडायचं झालं तर वाफेनं सोडवता येतो. शेवटी दांडीला सरस आणि बाकी मिस्त्रींच्या मनासारखं, अशी वाटणी झाली.

तबली अजून चिकटलेली नाही. श्रावणात मी घाई केली तेव्हा मिस्त्रींनी साफ नाही म्हटलं. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं; फुगलेली फळी चिकटवली की चैत्र-वैशाखात ती आखडणार आणि मधोमध फाटणार. काकांच्या मेंडोलिनची पाठ तशीच उकलली असणार. त्यामुळे काम दसऱ्यानंतर. आणि दसऱ्यानंतर मिस्त्रींना वेळ नसतो. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या असतात, कुणाचं जू तडकलेलं, कुणाच्या शिवळा हरवलेल्या, गाडीची साटी बसवायची राहिलेली. ज्यांना सहा महिने कारखान्यावर जायचंय त्यांचं काम आधी, यावर मला बोलण्यासारखं काही नाही.

परवा शेडमध्ये डोकावलो. दाराशी चार बैलगाड्या उलाळ्या करून ठेवलेल्या, आत रंध्याचा आवाज. भिंतीवर जुवांच्या रांगेखाली खिळ्याला आमचा प्लायवूडचा फर्मा टांगलेला होता. त्यावर मिस्त्रींनी पेन्सिलीनं ‘३५०’ लिहिलं होतं, आणि त्याखाली लहान अक्षरांत, ‘पट्टीनं मापलेले’.